मुलगा की मुलगी, हे ठरतं तरी कधी?

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं महिला गटातल्या खेळाडूंना एक तपासणी सक्तीची केली आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेपासून ती लागू झाली. गालाच्या आतून बोळा फिरवायचा किंवा थेंबभर रक्त द्यायचं आणि त्यात 'एसआरवाय' नावाचं जनुक आहे की नाही, एवढंच बघायचं. आयुष्यात एकदा केली की झालं. बातमी वाचून अनेकांना वाटलं, बरं झालं, एकदाचा सोक्षमोक्ष लागला.

पण हे जनुक १९९० मध्ये शोधून काढणाऱ्यांपैकी एक असलेले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच जाहीर लेख लिहून या तपासणीला विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जनुक आहे की नाही, एवढंच यातून कळतं. त्यामुळे वृषण तयार झाले का, त्यांनी टेस्टोस्टेरॉन बनवलं का आणि बनवलेलं शरीराला वापरता आलं का, हे कळत नाही.

हे तिन्ही 'का' बाळ जन्माला यायच्या कितीतरी आधी निकालात निघालेले असतात. कसे, ते बघायचं तर माणसाआधी गाय, ससा आणि उंदराकडे जायला हवं, कारण सस्तन प्राण्यांमध्ये शरीर घडवणाऱ्या या कारखान्याचा आराखडा बराचसा एकच आहे.

शाळेतला धडा जिथे थांबतो

आईकडून एक्स येतोच. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. हे आपण पाठ केलंय आणि ते चूक नाही. फक्त धडा तिथेच संपतो आणि खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

माणसाच्या गर्भात पहिले साधारण सहा आठवडे मुलगा-मुलगी असा फरक डोळ्यांनी दिसतच नाही. जननग्रंथी म्हणजे नुसते दोन उंचवटे असतात. त्यांचे वृषणही होऊ शकतात आणि बीजकोशही. बाहेरून बघावं तर एक छोटासा कोंब, त्याच्या बाजूला घड्या आणि फुगवटे, दोघांचेही अगदी सारखे. आत तर निसर्गानं चक्क दोन्हीकडचं सामान आणून ठेवलेलं असतं. प्रत्येक गर्भात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक 'वुल्फ नळी', जिच्यातून पुढे शुक्राणू वाहून नेणारी व्यवस्था बनते. दुसरी 'म्युलर नळी', जिच्यातून गर्भाशय आणि गर्भनलिका बनतात. हे लिहिणाऱ्याच्याही पोटात एके काळी गर्भाशयाची तयारी होती. ती मोडून काढली गेली, इतकंच.

मोडायचा हुकूम दिला कोणी? एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्रावर बसलेलं असतं आणि त्याचं काम अगदी थोड्या वेळाचं: त्या दोन उंचवट्यांना वृषणाच्या वाटेला लावणं. १९९१ मध्ये उंदराच्या एक्सएक्स गर्भात हे जनुक सोडून पाहिलं, तर त्या उंदराला वृषण आले. पण वृषणाच्या वाटेला लावून हे जनुक जवळपास बाजूला होतं. नळ्या, बाहेरचे अवयव, मेंदू, यातलं काहीही ते स्वतः घडवत नाही. तिथून पुढचा कारभार हॉर्मोन्सचा.

दवंडी आणि कान

हॉर्मोन, मराठीत संप्रेरक, म्हणजे एका ग्रंथीनं रक्तात सोडलेला निरोप. दवंडी पिटावी तसा तो शरीरभर फिरतो. दवंडी सगळ्या गावातून जाते, पण हलतो तो ज्याच्या कामाची आहे तोच. पेशींनाही हे निरोप ऐकायला 'कान' असतात, ठरावीक प्रथिनांचे. टेस्टोस्टेरॉनचा कान वेगळा, इस्ट्रोजेनचा वेगळा. कान नसेल, तर दवंडी कितीही जोरात पिटली तरी त्या पेशीच्या लेखी शांतताच.

आपल्या गोष्टीत दोन निरोप महत्त्वाचे. टेस्टोस्टेरॉन तर सगळ्यांच्या ओळखीचं. दुसरं 'अँटी-म्युलेरियन हॉर्मोन', म्हणजे एएमएच. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांच्या रिपोर्टमध्ये दिसणारं एएमएच ते हेच. प्रौढ बाईत ते बीजकोशात बनतं आणि त्यावरून तिथल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज बांधतात. गर्भातल्या मुलात मात्र ते वृषणातून येतं आणि म्युलर नळी पाडून टाकायचं काम करतं.

जुळ्यातली कालवड

गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वेळा पुढे गाभण राहत नाही. गुरं पाळणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अशा दहा कालवडींतल्या नऊहून अधिक वांझ निघतात. बाहेरून बघाल तर ती चांगली कालवडच दिसते. पशुवैद्य बोथट नळी हलकेच योनीमार्गात सरकवून बघतो. दुसऱ्या वासरांत ती जिथवर जाते, त्याच्या निम्म्याही अंतरावर इथे अडते. आत गर्भाशय खुरटलेला, बीजकोश कधीकधी वृषणासारखे.

शिकागो विद्यापीठातल्या फ्रँक लिली यांनी कत्तलखान्यांतून मिळालेले जुळे गर्भ तपासून १९१६ मध्ये याचा उलगडा केला. गाईच्या जुळ्यांमध्ये वारेतल्या, म्हणजे प्लासेंटातल्या, रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. भावाचं रक्त बहिणीत जातं. लिलींचा तर्क असा, की भावाच्या वृषणातून निघालेलं काहीतरी त्या रक्तातून वाहत जातं आणि बहिणीचं शरीर ते आपल्यालाच सांगितलंय असं समजून कामाला लागतं. तेव्हा टेस्टोस्टेरॉन कोणी वेगळं काढलेलंही नव्हतं, ते १९३५ मध्ये झालं. आज आपल्याला माहीत आहे की त्या कालवडीच्या नुकसानीला मुख्यतः भावाचं एएमएच कारणीभूत असतं. तिच्या गुणसूत्रांत खोट काहीच नाही. दवंडी शेजारच्या गावची, पण ऐकू हिला गेली.

इथे हमखास एक प्रश्न येतो: माणसांत मुलगा-मुलगी जुळे झाले तर? घाबरायचं कारण नाही. अशा जुळ्यांच्या वारा वेगवेगळ्या असतात आणि त्यांचं रक्त सहसा मिसळत नाही. मुलाची जुळी बहीण वांझ असते हा समज गाईवरून उचललेला आहे आणि तो गाईपाशीच ठेवावा.

सशाच्या गर्भावरची शस्त्रक्रिया

लिलींचं 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे फ्रान्समधल्या आल्फ्रेड जोस्त यांनी दाखवलं. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाची हकीकत मला आजही थक्क करते. गाभण सशिणीचं पोट उघडायचं, गर्भाशयातच असलेल्या इवल्याशा गर्भाचे वृषण काढायचे, सगळं पुन्हा शिवायचं आणि गर्भ वाढू द्यायचा. अवयव घडायच्या आधी हे केलं, तर एक्सवाय पिल्लातही गर्भाशय आणि गर्भनलिका तयार झाल्या. बीजकोश काढलेल्या माद्या मात्र मादीसारख्याच वाढल्या.

मग जोस्तनी वृषणाच्या जागी टेस्टोस्टेरॉनसारख्या हॉर्मोनचा खडा ठेवला. वुल्फ नळी टिकली, पण म्युलर नळीही तशीच राहिली! म्हणजे बांधणारा निरोप एक आणि पाडणारा दुसरा. हा दुसरा म्हणजेच एएमएच. त्याचं जनुक सापडायला १९८६ साल उजाडलं. जोस्तनी ते अस्तित्वात असणार हे निव्वळ वजाबाकी करून ओळखलं होतं.

माणसांत या दोन निरोपांची ताटातूट क्वचित दिसते. हर्नियाचं ऑपरेशन करताना पुरुषाच्या पोटात छोटंसं गर्भाशय सापडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. त्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक, बाकी शरीरही पुरुषाचं, फक्त पाडकामाचा हुकूम तरी निघाला नाही किंवा ऐकला गेला नाही.

बाहेरच्या अवयवांसाठी आणखी एक पायरी लागते. तिथे टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डीएचटी नावाच्या जास्त जोरकस हॉर्मोनमध्ये व्हावं लागतं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे रूपांतर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आनुवंशिक दोषामुळे नीट चालत नव्हतं. १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली काही एक्सवाय मुलं जन्मताना मुलीसारखी दिसत, मुली म्हणून वाढत, आणि वयात येताना आवाज फुटून, स्नायू भरून, लिंग वाढून पुरुषासारखी होत. आतल्या नळ्यांना टेस्टोस्टेरॉन पुरलं होतं, बाहेरच्या कोंबाला ते चाललं नव्हतं.

स्लॅब भरायच्या आधी

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. किती हॉर्मोन होतं हे सगळे विचारतात, कधी होतं हे फार कमी जण विचारतात.

घर बांधताना स्लॅब भरायच्या आधी इलेक्ट्रिशियन येऊन पाइप टाकून जातो. तेव्हा दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, काही घडल्यासारखं वाटतही नाही. पण दिवा कुठे लागणार हे त्या दिवशी ठरतं. स्लॅब भरल्यावर पाइप हलवायचा म्हणजे फोडाफोड आली. जन्माआधीचं हॉर्मोन हा पाइप टाकणारा माणूस. वयात येतानाचं हॉर्मोन हे बटण.

हा फरक १९५९ मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या चौघा संशोधकांनी गिनीपिगवर दाखवला. गाभण माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं. त्यांच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांचे बीजकोश काढून त्यांना मादीची हॉर्मोन्स बाहेरून दिली. एरवी अशा वेळी मादी पाठ खाली वाकवून नराला होकार देते. या माद्या ते फारसं करेनात. उलट टेस्टोस्टेरॉन दिल्यावर दुसऱ्यांवर चढू लागल्या. तेच टेस्टोस्टेरॉन फक्त मोठेपणी दिलं, तर असा कायमचा बदल होत नाही.

शिवाय सगळ्या खोल्यांचा स्लॅब एकाच दिवशी भरत नाहीत. ऱ्हीसस माकडिणींना गर्भारपणात लवकर टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांच्या मुलींचे बाहेरचे अवयव नरासारखे झाले. उशिरा दिलं तर अवयव मुलीचेच राहिले, पण त्या मुली नर पिल्लांसारखी धसमुसळी कुस्ती जास्त खेळू लागल्या. एकच हॉर्मोन, एकच प्राणी, फक्त तारीख वेगळी.

माणसाच्या मुलात या कामाचा जोर साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात असतो. आणि सुरुवातीला वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला कोण हाकतं? वारेतून येणारं एचसीजी. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा उमटवतं ना, तेच.

म्हणजे आधी सगळे मुलीच असतात?

जोस्तच्या सशांवरून हे वाक्य फार लोकप्रिय झालं: काहीच केलं नाही तर मुलगी, काही केलं तर मुलगा. ऐकायला सुटसुटीत आहे, मीही ते बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. पण ते अर्धवट आहे.

बीजकोश आपोआप होत नाही, त्यालाही जनुकं लागतात. फॉक्स-एल-टू नावाचं जनुक प्रौढ उंदरिणीच्या बीजकोशातून काढून टाकलं, तर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागतात, असं २००९ मध्ये दिसलं. म्हणजे बीजकोश हा बीजकोश राहण्यासाठी रोज मेहनत घेत असतो. टेस्टोस्टेरॉन नसलं की वुल्फ नळी आपसूक विरते, असंच पाठ्यपुस्तकं सांगायची. २०१७ मध्ये उंदरांत आढळलं की तीसुद्धा मुद्दाम पाडली जाते. ते काम करणारं एक प्रथिन काढून घेतलं, तर मादीच्या पोटात दोन्ही नळ्या राहतात. सुरुवातीला सगळ्यांकडे दोन्ही वाटा असतात, एवढंच खात्रीनं म्हणावं.

आईच्या हॉर्मोन्सचं काय?

रास्त शंका आहे. गर्भ तर आईच्या इस्ट्रोजेनमध्ये पोहत असतो, मग मुलगे बिघडत का नाहीत? आणि आईच्या शरीरातलं पुरुषी हॉर्मोन मुलीला का बाधत नाही?

मुलग्यांचं उत्तर सोपं आहे: अवयव घडवण्याचे त्यांचे दोन्ही निरोप वेगळे असतात आणि इस्ट्रोजेन ते रद्द करत नाही. मुलींसाठी मध्ये पहारेकरी असतो. माणसात वार स्वतःच टेस्टोस्टेरॉनसारख्या हॉर्मोन्सचं इस्ट्रोजेन करून टाकते. हे काम करणाऱ्या विकराचा वारेत अभाव असेल तर काय होतं, त्याची दुर्मीळ उदाहरणं आहेत: गर्भारपणात आईचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, आणि पोटातल्या मुलीचे बाहेरचे अवयव मुलासारखे होतात. बाळंतपणानंतर आईची लक्षणं ओसरू लागतात. मुलीच्या अवयवांचा स्लॅब मात्र भरून झालेला असतो.

ठिपकेदार तरसांमध्ये हे उलटं चालतं. आईच्या बीजकोशातून येणाऱ्या कच्च्या मालाचं वार टेस्टोस्टेरॉन बनवते आणि पिल्लांना पुरवते. मादीला नराच्या लिंगासारखा लांब अवयव असतो. लघवी, समागम आणि बाळंतपणही त्याच्यातूनच. पहिलटकरणीची बरीच पिल्लं त्या अरुंद वाटेत दगावतात. पण गाभण तरसांना टेस्टोस्टेरॉन अडवणारी औषधं देऊन पाहिली, तरी मादी पिल्लांचा हा अवयव नाहीसा झाला नाही. तरस अजून संशोधकांना पुरता सापडलेला नाही.

उंदरांत तर शेजारीही पुरतो. उंदरिणीच्या गर्भाशयात पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीनं असतात. दोन भावांच्या मध्ये वाढलेली मादी सरासरीनं जास्त भांडखोर निघते आणि उशिरा वयात येते. दोन बहिणींच्या मध्ये वाढलेली तशी नसते.

मेंदूचंही असंच घडतं का?

उंदरांत हो, आणि तिथे एक मजेशीर गोम आहे. नर उंदराच्या मेंदूत पोचलेलं टेस्टोस्टेरॉन तिथे इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि मेंदूला नराचं वळण लावतं ते मुख्यतः हे इस्ट्रोजेन! 'बायकी' हॉर्मोन म्हणून आपण ज्याला ओळखतो तेच. मग मादी पिल्लांचं काय? त्यांच्या रक्तातलं एक प्रथिन हे इस्ट्रोजेन धरून ठेवतं आणि मेंदूपर्यंत पोचू देत नाही. पुरुषी हॉर्मोन, बायकी हॉर्मोन ही नावं किती तकलादू आहेत ते यावरून समजावं.

माणसात हे जसंच्या तसं लागू होत नाही. इथे टेस्टोस्टेरॉन थेट काम करत असावं असं दिसतं. सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या एका जन्मजात विकाराचा. सुमारे १५ हजार बाळंतपणांत एकदा आढळणाऱ्या या विकारात एक्सएक्स मुलीला जन्माआधीच जास्त पुरुषी हॉर्मोन मिळतं. अशा मुली सरासरीनं गाड्यांसारख्या खेळण्यांकडे जास्त वळतात. पण त्यांच्यातल्या बहुसंख्य स्वतःला मुलगीच मानतात आणि बाई म्हणूनच जगतात. परिणाम आहे, पण तो कुणाचा शिक्का नाही. 'सरासरीनं' हा शब्द गाळून या अभ्यासांच्या बातम्या छापतात, तेव्हा मी पुढचं वाचत नाही.

तीच गत बोटांची. तर्जनी अनामिकेपेक्षा किती आखूड, यावरून गर्भातलं टेस्टोस्टेरॉन ओळखायचं आणि त्यावरून स्वभाव, धंदा, लैंगिकता सगळं सांगायचं! पुरुषांत तर्जनीचं अनामिकेशी प्रमाण सरासरीनं थोडं कमी असतं, इतपत खरं. पण स्त्री-पुरुषांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाचा हात बघून त्याच्याबद्दल काही सांगणं म्हणजे हस्तरेषाच.

बाहेरून हॉर्मोन गेलं तर?

याचा धडा जगाला एका गोळीनं दिला. डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९४० च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना दिलं जायचं. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३ मध्येच एका चाचणीत दिसलं होतं, तरी ते दिलं जातच राहिलं. १९७१ मध्ये अमेरिकेत योनीमार्गाचा अत्यंत दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची माहिती प्रसिद्ध झाली; त्यातल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलं होतं. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनानं गरोदरपणातल्या वापराविरुद्ध इशारा दिला. पुढे डीईएस घेतलेल्यांच्या काही मुलींमध्ये गर्भाशयाचा आकार वेडावाकडा झालेलाही दिसला. गोळी आईनं घेतली, तिला त्या वेळी काहीच झालं नाही, आणि परिणाम १५-२० वर्षांनी मुलीत उगवला.

प्लास्टिक लवचीक करणाऱ्या थॅलेट या रसायनांबद्दलची चिंता याच जातीची आहे. काही थॅलेटं उंदरांच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन बनणं कमी करतात. तिथेही प्रश्न तारखेचाच. मोठ्या उंदरांत, म्हणजे रॅटमध्ये, नर अवयवांसाठीची नाजूक मुदत गर्भारपणाच्या जेमतेम साडेपंधराव्या ते साडेअठराव्या दिवसापर्यंत असते. त्या तीन दिवसांत टेस्टोस्टेरॉन अडवलं, तर वृषण खाली न उतरणं, मूत्रमार्गाचं छिद्र भलतीकडे असणं असे दोष येतात. मुदत उलटल्यावर अडवलं तर हे दोष येत नाहीत. माणसांत थॅलेटचा परिणाम किती, यावर वाद आहे आणि त्याचं एक कारण उघड आहे: बाईला दिवस गेलेत हे नीट कळेपर्यंत नेमके ते आठवडे सुरू झालेले असतात, मग त्या आठवड्यांतले नमुने गोळा कोण करणार?

पुन्हा त्या बोळ्याकडे

शेवटी एक उदाहरण कानाचं. काही व्यक्तींमध्ये एक्सवाय गुणसूत्रं असतात, एसआरवाय असतं, वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर बनतं. पण टेस्टोस्टेरॉनचा कान पूर्णपणे बंद असतो. एएमएचचा कान चालू असल्यामुळे गर्भाशय मात्र बनत नाही. जन्मतात त्या मुलगी म्हणून, वयात येताना स्तन वाढतात, कारण टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं आणि ते ऐकायचा कान शाबूत असतो. पाळी येत नाही म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्यांदा हे कळतं, असं बरेचदा घडतं.

अशा खेळाडूचा बोळा तपासला, तर उत्तर येणार 'एसआरवाय आहे'. आणि ज्या संघटनेनं ही तपासणी सक्तीची केली, तिच्याच नियमावलीत एक अपवाद लिहून ठेवलेला आहे: टेस्टोस्टेरॉनला शरीर अजिबात दाद देत नसेल, तर त्या खेळाडूला महिला गटात धावता येईल.